तात्पर्याच्या दोन ओळी

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर

दहावीच्या मराठीचे आदरणीय प्राश्निक, परीक्षक आणि नियामक यांस,



मी चिकलठाण्यात दहावीला मराठी शिकवते. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. विमान उतरायला लागलं की वाक्य अर्ध्यावर सोडून मी थांबते, मुलं वर छताकडे बघतात, मग आम्ही पुढे जातो. माझ्या वर्गातली बरीच मुलं कंपन्यांमध्ये कंत्राटावर असलेल्या आई-बापांची आहेत. कुणी जालना-बीडच्या खेड्यांतून दुष्काळात आलेलं, कुणी थेट बिहारातून. घर सोडणं म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून कळावं लागत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची तक्रार त्याच्याशी जोडलेली आहे.

तक्रार कथालेखनाच्या प्रश्नाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर कथेखाली जी ‘तात्पर्य’ नावाची जागा असते, तिच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमची सहल कोल्हापूरला गेली होती. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा असं सगळं रीतसर झालं. परतताना ड्रायव्हरमामांना घरच्या लेकरांसाठी कपडे घ्यायचे होते, म्हणून गाडी गांधीनगरला थांबली. घाऊक कापडाची एवढी दुकानं मुलांनी एका जागी कधी पाहिली नव्हती. एका दुकानात म्हातारे सिंधी शेठ बसले होते. पोरांची गडबड शांतपणे बघत ते मला सहज म्हणाले, ‘‘हमसे पहले यहाँ पोलंडवाले रहते थे.’’ मी ‘अच्छा’ म्हणून पैसे दिले आणि गाडीत बसले. मराठी शिकवणाऱ्या बाईला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी माहीत नव्हती, याची लाज वाटायला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला.

मग वाचत गेले. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि पूर्वेकडून स्टालिनची फौज शिरली. ती पूर्वेकडची तारीख होती 17 सप्टेंबर. आपल्याकडे 17 सप्टेंबरला, 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं म्हणून, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, त्यामुळे ही तारीख वर्गात सांगितली की मुलं दचकतात. नऊ वर्षं अलीकडे-पलीकडे, पण दिवस तोच. 1940 च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून उचलून मालगाड्यांत भरली गेली आणि सैबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेच्या जंगलांत नेऊन टाकली गेली. लाकडं तोडणं, उपास, आजार. 1941 च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठे स्टालिन आणि लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या माणसांना सोडण्यात आलं. या सुटकेला कागदोपत्री नाव दिलं गेलं ‘माफी’. ज्यांनी काही केलंच नव्हतं त्यांना माफी! शब्दाचा अर्थ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

मग दक्षिणेकडे पायपीट आणि रेल्वे, कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची, आणि 1943 मध्ये आपल्या मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचं वळिवडे. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. तिथे बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. पाच वर्षं ती पंचगंगेच्या काठी राहिली आणि 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. रिकाम्या बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. त्यांचंच गांधीनगर झालं.

आता तुमच्याकडे वळते.

ही हकीगत आपल्या शाळांपर्यंत पोहोचते तेव्हा तिचा एकच भाग पोहोचतो : कोल्हापूरकरांनी परक्यांना आसरा दिला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलं सांभाळली. वॉर्सात त्यांचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. हे सगळं खरं आहे आणि आनंदाचं आहे. मीही वर्गात ते अभिमानाने सांगते. पण त्यावर कथा लिहायला सांगितली की काय होतं ते बघा. मुद्दे असे असतात : युद्ध – हाल – परदेशात आश्रय – प्रेमळ राजा – सुटका – आनंद – तात्पर्य. मुलं हुशार आहेत, पाच मिनिटांत लिहून मोकळी होतात. ‘अतिथी देवो भव’ लिहिलं की झालं.

आत्मकथनाचं तर विचारू नका. ‘मी पोलिश निर्वासित बोलतोय’ हा विषय एकदा मीच सरावासाठी दिला. पस्तीसपैकी एकोणतीस वह्यांची सुरुवात ‘‘नमस्कार मित्रांनो, ओळखलंत का मला?’’ अशी होती. मुलांचा दोष नाही. पडका किल्ला, फाटकं पुस्तक, सुकलेली नदी आणि तुटकी छत्री यांना आपण इतकी वर्षं एकाच आवाजात बोलायला लावलं आहे, की सैबेरियातून आलेला माणूसही त्यांना छत्रीसारखाच बोलताना ऐकू येतो. गाइडं लिहिणाऱ्यांना मी या पत्रात वेगळं काही म्हणत नाही. ते तुमच्याच प्रश्नांच्या मागून चालतात.

माझं म्हणणं असं आहे की खरी गोष्ट तुमचे मुद्दे संपतात तिथे सुरू होते. ‘सुटका – आनंद’ याच्या पुढे.

वळिवड्याच्या माणसांचंच घ्या. युद्ध संपलं, आपली बाजू जिंकली. म्हणजे आता घरी! पण त्यांचं घर पूर्व पोलंडात होतं आणि विजेत्यांनी तो मुलूखच रशियाला देऊन टाकला होता. ज्या पोलिश सरकारच्या पैशावर छावणी चालत होती, त्याची मान्यता 1945 च्या जुलैत इंग्रजांनी आणि अमेरिकेने काढून घेतली. नवं सरकार वॉर्सात बसलं होतं, ते ज्यांनी यांना मालगाडीत भरलं त्यांच्याच मर्जीतलं. मग कुठे जायचं? काही पोलंडला परतले. पुष्कळजण इंग्लंडला गेले, कारण कुणाचा बाप, कुणाचा भाऊ पोलिश सैन्यात लढून तिथे पोहोचला होता. तिथेही त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला लष्कराने सोडलेल्या छावण्यांतले अर्धगोल पत्र्याचे निवारे आले. कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात. एक तरुणी कोल्हापुरातच लग्न करून कायमची मराठी झाली. म्हातारपणी या लोकांनी लंडनमध्ये ‘भारतातले पोल’ म्हणून मंडळ काढलं, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला, गट करून कोल्हापूरला येऊन गेले. पन्नास वर्षांनी माणसं छावणी बघायला का येतात? सैबेरियाला नव्हे, वळिवड्याला का? हा प्रश्न कृतिपत्रिकेत विचारा ना. एकही गाइड उत्तर देऊ शकणार नाही.

आपल्या भाषेत तुरुंगात लिहिलेलं काही कमी नाही. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, ‘गीताप्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. इथून गाडीने तीनेक तासांवरच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात नेहरूंनी भारताचा इतिहास लिहिला, मौलाना आझादांनी पत्रं लिहिली. गजांच्या आड माणूस काय विचार करतो हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. दार उघडल्यावर तो पहिल्या सकाळी काय करतो, याबद्दल आपण मुलांना फारसं काही दिलेलं नाही. आणि हे तुरुंगवास स्वतःहून पत्करलेले होते. कशासाठी आत आहोत हे त्यांना माहीत होतं. ज्यांना केवळ आडनावामुळे, चेहऱ्यामुळे, गावामुळे आत टाकलं गेलं त्यांची गोष्ट वेगळी असते.

ती गोष्ट आपल्या देशातही घडलेली आहे. राजस्थानात देवळी नावाचं गाव आहे. तिथल्या बंदी छावणीत इंग्रजांनी डांगे, जयप्रकाश यांना ठेवलं होतं. तीच छावणी 1962 मध्ये आपण पुन्हा उघडली. चीनशी युद्ध झालं आणि आसाम, दार्जिलिंग भागातून सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसं आगगाडीने तिथे नेली गेली. त्यांतली कित्येक इथेच जन्मलेली होती, चहाच्या मळ्यांत मजुरीला आणलेल्यांची नातवंडं. काहींना चीनला पाठवलं, काहींना वर्षानुवर्षं आत ठेवलं. शेवटची माणसं सुटली 1967 मध्ये. परत गेली तर घरं-दुकानं लिलावात गेलेली. शेजारी ओळख दाखवीनात. पुष्कळांनी पुढे कॅनडा गाठलं आणि मुलांना काही सांगितलंच नाही. रीता चौधरींनी असमियात ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली तेव्हा आसाममधल्या पुष्कळांना आपल्याच गावात काय झालं होतं ते कळलं. 2020 मध्ये जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांचं ‘द देवलीवालाज’ आलं. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. आपलं सरकार या लोकांना अजून ‘चुकलं’ म्हणालेलं नाही.

अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना 1942 पासून असंच डांबलं होतं. सोडताना हातात पंचवीस डॉलर आणि रेल्वेचं तिकीट. सरकारची माफी आणि 20,000 डॉलर यायला 1988 उजाडलं. त्या मधल्या काळात, 1957 मध्ये, जॉन ओकाडा नावाच्या माणसाने सुटून आलेल्या एका तरुणाची कादंबरी लिहिली, ‘नो-नो बॉय’. तेव्हा ती कुणी फारशी वाचली नाही. त्याच्या समाजालाही ती नको होती, इतकी ती जखमेजवळ होती. आज ती तिथल्या विद्यापीठांत शिकवली जाते. ज्यूली ओत्सुकाच्या याच विषयावरच्या कादंबरीत तर कुटुंबाला नावंच नाहीत : बाई, मुलगी, मुलगा. मी ही युक्ती वर्गात वापरते. पात्राला नाव देऊ नका म्हटलं की निम्मी मुलं आपोआप ‘नमस्कार मित्रांनो’ विसरतात.

शब्दांपासूनच अडतं, हेही तुम्हाला सांगायला हवं. ‘छावणी’ म्हटलं की शहरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आपला कॅन्टोन्मेंटचा छावणी भाग येतो. खेड्यातून आलेल्यांच्या डोळ्यांपुढे चारा छावणी, गुरं आणि टँकर. ‘शिबिर’ म्हणजे रक्तदान नाही तर मोतीबिंदू. ‘स्थानबद्ध’ हा शब्द एकालाही माहीत नसतो. ‘नजरकैद’ मात्र सिनेमामुळे सगळ्यांना कळतो. मी हे सगळे अर्थ फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही. चारा छावणीत चार महिने काढलेल्या एका पोराने विचारलं होतं, ‘‘मॅडम, छावणी मोडल्यावर बैल घरी यायला तयार नव्हता, तसं का?’’ वर्ग हसला. मी हसले नाही. कारण तसंच, बाळा, बरंच तसंच.

आता माझीच एक चूक सांगते, म्हणजे मी फक्त तुमच्याकडे बोट दाखवते आहे असं वाटायला नको. आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात दोन काळ असतात, रझाकारी आणि ॲक्शन, म्हणजे पोलीस कारवाई. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, त्याआधीचा छळ आणि त्यानंतरचे दिवस, दोन्हींच्या गोष्टी घराघरांत आहेत. सगळ्याच व्यासपीठावर सांगितल्या जात नाहीत. एका मुलाच्या पणजोबांना ॲक्शननंतर धरून नेलं होतं. काही महिन्यांनी सोडलं. त्यांनी काही केलं होतं की नव्हतं, हे घरात कुणी बोलत नाही. मी त्या मुलाच्या मागे लागले, लिही म्हणून. आजीने नको म्हटलं. तरी मी आग्रह धरला. त्याने शेवटी एक कथा आणून दिली. तिच्यात पणजोबा सुटून आले, गावाने त्यांना मिठी मारली, तात्पर्य ‘एकी हेच बळ’. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि 17 सप्टेंबरला शाळेत वाचायला लावली. टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी तो स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाला, ‘‘मॅडम, पणजोबा वापस आल्यावर कधीच बैठकीत बसले नाहीत म्हणतात. मरेपर्यंत दारातच बसायचे. ते लिहायचं होतं. पण त्याचं तात्पर्य काय लिहू?’’

मी त्याला काहीच सांगू शकले नाही. दारात बसणारा तो म्हातारा माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या वर्षापासून दोन गोष्टी मी बंद केल्या. घरच्या माणसाची गोष्ट लिहायची सक्ती करायची नाही. ज्याला लिहायचं तो घरी विचारून लिहील, ज्याला नको त्याने वळिवडं घ्यावं, देवळी घ्यावी. आणि छावणीतून सुटलेल्या माणसावर कथा असेल तर तिच्याखाली तात्पर्य मागायचं नाही.

वर्गात मी ते मागत नाही. पण परीक्षेत तुम्ही मागता. मागच्या वर्षी सराव परीक्षेची उत्तरपत्रिका बाहेरून तपासून आली, तेव्हा हे पत्र लिहायचं ठरलं. एका मुलीने वळिवड्यावर कथा लिहिली होती. तिचं कुटुंब दुष्काळात गाव सोडून इथे आलेलं, वडील कंपनीत रात्रपाळीला. तिची कथा रेल्वे स्टेशनवर घडते. साल 1948. तेरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई गाडीची वाट बघतायत. मुलगी मराठीत चार शब्द बोलू शकते, पोलंड तिला धड आठवत नाही. बराकीपुढे लावलेल्या झेंडूला आज पाणी कोण घालणार, ही तिची काळजी. गाडी येते. ती आईला विचारते, ‘‘घरी जातोय का?’’ आई म्हणते, ‘‘इथून जातोय.’’ बास. कथा संपली. खाली तात्पर्याला दोन ओळी सोडून तिने काहीच लिहिलेलं नाही.

लाल शाईत शेरा होता : ‘कथा अपूर्ण. तात्पर्य नाही.’ पाचांपैकी दोन.

परीक्षकांना मी दोष देत नाही. एका दिवसात किती गठ्ठे संपवावे लागतात ते मीही जाणते, मीही परीक्षक म्हणून बसलेली आहे. आदर्श उत्तरात ‘शीर्षक, घटनाक्रम, तात्पर्य’ असे रकाने छापलेले असले की पेन आपोआप तसं चालतं. नियामकांनी तो रकानाच सैल केला तर परीक्षक सुटेल. माझी मागणी फार मोठी नाही. तात्पर्य बोधकथेला ठेवा, कोल्हा-करकोच्याला ते शोभतं. जिथे माणसाचं खरं हाल झालेलं आयुष्य मुद्द्यांत दिलं आहे तिथे ‘तात्पर्य’च्या जागी ‘शेवट’ एवढाच शब्द ठेवा. मुद्द्यांमध्ये ‘आनंद’ आधीच लिहून देऊ नका. आनंद झाला की नाही ते पोरांना ठरवू द्या. आणि आत्मकथनात दर वेळी सोसणाऱ्यालाच बोलायला लावू नका. वळिवड्याच्या गावकऱ्याला बोलू दे, ज्याच्या गावाशेजारी एके दिवशी पाच हजार गोरी माणसं आली आणि एके दिवशी गेली. 1948 नंतर त्या बराकीत शिरलेल्या सिंधी बाईला बोलू दे, जिला भिंतीवर कुणाची तरी अक्षरं दिसली असतील आणि वाचता आली नसतील. दुसऱ्याचं दुःख आपल्याला पुरतं कळत नाही, हे मुलं लिहितील. त्यालाही गुण असू द्या.

बोलीबद्दलही एक वाक्य. ‘वापस आल्यावर’ याला खूण करून ‘परत आल्यावर’ लिहिणं मी सोडून दिलं आहे. कथेतल्या माणसाच्या तोंडी तरी तुम्हीही सोडा.

कुणी म्हणेल, दहावीच्या पोरांना एवढं जड कशाला? माझ्या वर्गात येऊन बघा. जड त्यांना जात नाही. जड जातं ते खरं माहीत असून ‘अतिथी देवो भव’ लिहिणं, आणि तेही आता त्यांना जमायला लागलं आहे. मला भीती वाटते ती त्याची.

पुनर्मूल्यांकनासाठी हे पत्र नाही. ती मुलगी उत्तम गुणांनी पास होऊन पुढे गेली आहे, तीन गुणांवाचून तिचं काही अडलं नाही. तिच्या परवानगीने, नाव झाकून, त्या कथेची झेरॉक्स सोबत जोडते आहे. एवढंच ध्यानात असू द्या : शेवटच्या दोन ओळी झेरॉक्समध्ये उमटल्या नाहीत असं समजू नका. मूळ पानावरही त्या कोऱ्याच आहेत, आणि तिने त्या पट्टीने आखून कोऱ्या सोडल्या आहेत.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका
चिकलठाणा